कवटीतला सुळा

आमच्या भागात वंशावळीचं वेड फार. नव्वदच्या दशकात बारामती-इंदापूरकडं ज्याच्या उसाला पाणी मिळालं आणि दारात ट्रॅक्टर उभा राहिला, त्याला लगेच पूर्वज लागायचे. मग पिढ्या सांगणारा हेळवी बोलावला जायचा, तो आपली चोपडी उघडायचा आणि त्या घरात एखादा सरदार निघायचाच. इतके सरदार खरोखर होऊन गेले असतील तर लढायला शिपाई कुठून आणले, हा प्रश्न कुणाला पडत नसे. मेंढ्या राखणारा माणूस मात्र कुणाच्याच चोपडीत सापडला नाही.

दुसऱ्यांना नावं ठेवायला मी तरी कोण? आमच्या कन्हेरीच्या घरात माझ्या आजोबांचा एक फोटो होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. वडिलांना नोकरी लागल्यावर त्यांनी तो स्टुडिओत देऊन मोठा करून घेतला आणि येताना घोंगड्याच्या जागी कोट रंगवून आणला. काठी तेवढी राहिली, कारण ती काढली तर मूठ रिकामी दिसली असती. पुढं मी बारामतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. तिथं कुणी घरचं विचारलं की मी "शेती आहे" म्हणायची. मेंढ्यांचा विषय मी कधी काढला नाही.

अशा आमच्या कॉलेजात एकदा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून एक डॉक्टर भाषणाला आले. विषय होता मेलेल्या प्राण्यांच्या हाडांतून डीएनए काढून त्यांचं कूळ शोधण्याचा. दोन स्लाइड झाल्या आणि वीज गेली, ती आलीच नाही. तरी माणूस चांगलं बोलला. त्यांचं सगळं लक्ष चित्त्यावर होतं. आपल्या देशातून चित्ता संपला, पण तो मुळात होता कुठला? काही जण म्हणत, तो इथल्या माळांवरच वाढला. काही जण म्हणत, राजेरजवाड्यांनी शिकारीसाठी बाहेरून आणलेल्यांचीच ही पिलावळ. संग्रहालयांत कातडी होती, पण ती कुठल्या माळावरची हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. ज्याचं गाव माहीत आहे असं एक हाड किंवा एक दात मिळाला तर त्यातून उत्तर निघू शकेल, असं त्यांचं म्हणणं.

भाषण संपल्यावर प्रश्न विचारा म्हणाले. आमचे प्राचार्य उठले आणि त्यांनी विचारलं, "या यंत्रावर माणसाचं घराणं किती पिढ्या मागं निघतं?" डॉक्टर गोंधळले. मला मात्र हसू आलं नाही, कारण मला माहीत होतं की प्राचार्यांच्या घरी हेळवी महिन्यापूर्वीच येऊन गेला होता.

मी डॉक्टरांना गाठलं आणि म्हटलं, तुम्हाला हवा तसा दात कदाचित माझ्या माहितीत आहे. अंथुर्ण्याच्या पुढं, कळंबच्या अलीकडं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. तिथं एका म्हाताऱ्या धनगराच्या देव्हाऱ्यात एक कवटी आहे, एवढं मी लहानपणी ऐकलं होतं. डॉक्टरांचे डोळे चमकले. ते म्हणाले, काम झालं तर शोधनिबंधात तुमचंही नाव घालू. खरं सांगायचं तर त्यानंतर त्यांचं चित्त्याबद्दलचं बोलणं मी अर्धवटच ऐकलं. छापलेलं माझं नाव कसं दिसेल, याचाच विचार चालू होता.

डॉक्टर स्वतः काही त्या गावाला आले नाहीत. त्यांच्याकडून पाकीट आलं. त्यात रबरी हातमोजे, एक बंद नळी आणि दोन पानांचा इंग्रजी फॉर्म.

त्या म्हाताऱ्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. वय सत्तरीच्या पुढं. गावात मेंढ्या राखणारं त्यांचं शेवटचं घर. बाकीच्यांनी मेंढ्या विकल्या, ऊस लावला, कारखान्याचे सभासद झाले, आणि पाच-सात वर्षांत त्यांना मेंढरांचा वास सहन होईना. आबांनी मला आधी विचारलं, "कन्हेरीत कुनाच्या तुमी?" मी आजोबांचं नाव सांगितलं. ते उठून बसले.

"आरं तिच्या. तुमच्या आज्याचा कळप आन आमचा कळप येका वाटंनं कोकणात उतरायचा. मेंढीचं त्वांड उघडून वय सांगावं तर तुमच्या आज्यानं. त्यास्नी अंधारात बी कळायचं, नुसतं बोट घालून."

मी मागं वळून बघितलं, कॉलेजातलं कुणी बरोबर आहे का म्हणून. कुणीच नव्हतं, तरी बघितलं.

आबांनी कवटी दाखवली. टोपलीत, घोंगड्याच्या तुकड्यावर, भंडाऱ्यानं पिवळीजर्द. हे त्यांच्या पणज्याचं काम. कळपावर पडलेल्या जनावराला पणज्यानं आणि दोन कुत्र्यांनी मिळून माळावर लोळवलं. त्या कळपात देवाला सोडलेल्या मेंढ्या होत्या. म्हणून गावानं त्या घराला मान दिला. जत्रेत बिरोबावर पहिला भंडारा त्याच घराच्या हातून पडायचा. चार पिढ्या तसं चाललं होतं.

"ह्यो चित्त्या हाय," आबा म्हणाले. "वाघ न्हाय, बिबट्या बी न्हाय. ह्यो झाडावर चढून बसनारा न्हवं. उघड्या माळानं पळनारा."

मी कवटी हातात न घेता चारी बाजूंनी बघितली. तोंड आखूड, कपाळ उंच, नाकाची भोकं मोठी, आणि बिबट्याच्या मानानं सुळे बारीक. पुस्तकात लिहिलं होतं तसंच सगळं. आबा पुस्तक न वाचता बरोबर होते.

मग त्यांनी मला त्यांची खरी अडचण सांगितली. दोन वर्षांपासून सरपंच म्हणत होते की ही कुत्र्याची कवटी आहे, आणि कुत्र्याच्या कवटीवर मान कसला? सरपंचांचं घराणंही मूळचं मेंढपाळच. पण त्यांच्याकडंही हेळवी येऊन गेला होता, सरदार निघाला होता आणि सरदाराच्या वारसाला पहिला भंडारा शोभून दिसला असता. येत्या जत्रेत याचा निकाल लावायचा असं ठरलं होतं.

"मला येक कागद द्या बाई," आबा म्हणाले. "ह्यो चित्त्या हाय आसा. दुसरं काय नगं. मान आमच्या घरातनं माझ्या हयातीत गेला, तर मी वर जाऊन पणज्याला काय सांगू?"

मी म्हटलं, कागद येईल. दात परत येईल का, त्यांनी विचारलं. येईल म्हटलं. मुळाकडची चिमूटभर भुकटी तेवढी जाईल.

ते खूश झाले. मी हातमोजे चढवले आणि सुळ्याला हात घालणार, तेवढ्यात त्यांची सून तांब्या घेऊन आली. तांब्यात मेंढीचं ताजं दूध, अजून फेस होता. दर दसऱ्याला कवटीला मेंढीच्या दुधाची आंघोळ असे. आज देवाच्या अंगाचा तुकडा काढायचा, मग आंघोळीवाचून कसं चालेल? सुनेनं तांब्याच्या धारेखाली कवटी धुतली. दूध दातांच्या मुळांशी साचलं. मग शेजारपाजारचे आले, एकेकानं पाया पडून सुळ्याला बोट लावलं, बोट कपाळाला लावलं. मी हातमोजे घालून उभी. मला थांबवता आलं असतं. निदान दुसऱ्या दिवशी येते म्हणता आलं असतं. मी घड्याळ बघत होते, कारण बारामतीची एसटी चुकली असती. सगळ्यांची पूजा झाल्यावर मी माझ्या स्वच्छ हातमोज्यांनी तो वरच्या जबड्यातला सुळा काढला. जुना असल्यामुळं सहज निघाला.

घरी आल्यावर फॉर्म भरायला बसले. नमुना धुतला आहे का? उघड्या हातांनी हाताळला आहे का? दुसऱ्या प्राण्याच्या कशाशी संपर्क आला आहे का? तिन्ही ठिकाणी मी 'नाही' लिहिलं. 'हो' लिहिलं असतं तर डॉक्टरांनी दात तसाच परत पाठवला असता, आणि त्याच्याबरोबर माझं नावही. अक्षर मात्र मी छान काढलं होतं.

पुढचे चार-पाच महिने मी वर्गात चित्त्यावर जरा जास्तच बोलले.

मग एक दिवस प्रयोगशाळेचं पाकीट आलं. आत दात होता, मुळाला बारीक भोक पाडलेलं. एक शिक्का मारलेला अहवाल होता आणि डॉक्टरांचं माझ्या नावाचं वेगळं, बंद पत्र. अहवालात मोजून तीन ओळी. नमुना, दात. आढळलेला डीएनए, मेंढी आणि मानव. मांजर कुळातला डीएनए, आढळला नाही.

पत्र सभ्य होतं, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं की दात मांजर कुळातल्या मोठ्या प्राण्याचा आहे, हे कुणीही डोळ्यांनी सांगेल. जुन्या हाडात मूळ डीएनए मोडकातोडका, चिमूटभर उरलेला असतो. यंत्र सापडेल त्या तुकड्याच्या नकला काढतं, आणि ताजं काही लागलेलं असेल तर ताज्याच्याच नकला निघतात. तुमच्या फॉर्मवर तिन्ही 'नाही' आहेत, तेव्हा ही मेंढी कुठून आली ते मला कळत नाही. काय लागलं होतं ते मोकळेपणानं कळवा. दुसरा दात मिळाला तर अगदी आतल्या भागातून पुन्हा बघू.

म्हणजे अजून वाट होती. एक पोस्टकार्ड लिहायचं होतं: दुधानं धुतला होता, मी खोटं लिहिलं. मी ते लिहिलं नाही. पत्र आणि दात कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि पहिल्या वर्षाच्या मुलींना बेडकाचं हृदय शिकवायला गेले.

अहवाल मात्र कपाटात राहिला नाही. तो प्राचार्यांमार्फत आला होता, त्यांनी त्याची प्रत ठेवून घेतली होती. आणि प्राचार्य सरपंचांचे साडू. आमच्याकडं विज्ञानाचा प्रसार रखडतो असं कोण म्हणतं? चित्त्याची हकीकत बारामतीहून त्या गावात दोन दिवसांत पोचली. 'धनगरानं चार पिढ्या मेंढीचं डोकं पुजलं' असं लोक पारावर बोलायला लागले. ज्यांच्या आज्यांनी आयुष्यभर मेंढ्या राखल्या, तेच जास्त हसत होते म्हणे.

आबा कॉलेजात आले. फाटकावरच्या शिपायानं त्यांना थांबवून ठेवलं होतं. मी त्यांना आत स्टाफरूममध्ये बसवलं नाही, बाहेर निंबाखाली बोलले.

"कागदात मेंढी लिवलंय, खरं?"

"तसा अहवाल आहे, आबा."

"कागदात काय बी लिवलं आसंल. तुमी सोता डोळ्यांनी बघितलंय न्हवं?"

मी म्हणाले, "यंत्राची तपासणी असते. मला आणखी अभ्यास करावा लागेल."

अभ्यास! एम.एस्सी. झालेली बाई, शेळ्यामेंढ्यांची कवटी दर वर्षी टेबलावर ठेवून मुलांना दाखवणारी. आबा "बरं," म्हणाले, आणि एसटी स्टँडकडं चालू लागले. त्यांना पाणीही विचारलं नाही मी.

जत्रेला जायचं की नाही, यावर मी आठवडाभर स्वतःशी वाद घातला. गेले. दात रुमालात बांधून पर्समध्ये टाकला होता. गरज पडली तर बोलू, असं ठरवलं होतं. आणखी कुठली गरज पडायची राहिली होती, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

सकाळी दहाची वेळ. बिरोबाच्या देवळापुढं गर्दी. सरपंच पांढऱ्या झकपक कपड्यांत, हातात माइक. प्राचार्यही पाहुणे म्हणून खुर्चीवर. सरपंचांनी अहवालाची प्रत वर धरली आणि शिक्का लोकांना दिसेल अशी फिरवली.

"ह्यो शास्त्राचा कागद हाय. मोठ्या लॅबमधला. हितं साफ लिवलंय, मेंढी. आता मेंढीच्या डोक्यावर आपुन मान द्यायचा का, गावानं सांगावं."

लोक हसले. मी गर्दीत बायकांच्या बाजूला उभी होते, माझ्यापासून माइक वीस पावलांवर. मी पुढं गेले नाही.

आबा देवळाच्या पायरीवर कवटीची टोपली मांडीवर घेऊन बसले होते. ते उठले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मेंढी म्हनलंय? नक्की?"

"व्हय आबा. इंग्लिशमधी हाय."

"मंग मेंढीच बघू." त्यांनी सुनेला खूण केली. देवळामागं नवसाच्या मेंढ्या बांधल्या होत्या, त्यांतली एक तिनं ओढून आणली. आबांनी मेंढी दोन गुडघ्यांत धरली, एका हातानं तिचा ओठ वर केला आणि म्हणाले, "सरपंच, हिकडं या. वरच्या जबड्यात बोट घाला, फुडल्या अंगाला. आन सुळा हाय का सांगा."

सरपंच जागचे हलले नाहीत. पांढऱ्या बाहीला लाळ लागली असती. माइकमधून म्हणाले, "आबा, पोरखेळ नगं. हितं शास्त्राची बात चाललीय."

"मंग दुसरं कुनी या. समद्यांच्या घरात मेंढ्या हुत्या की. का सरदारांनी राखल्या नव्हत्या?"

त्यांच्याच वयाचे एक तात्या गर्दीतून पुढं झाले. कारखान्याचे जुने सभासद, धोतर कडक इस्त्रीचं. त्यांनी बोट घातलं, डावीकडून उजवीकडं फिरवलं. ते फिरवताना त्यांचा चेहरा बदलला, जुनी सवय हाताला आठवली असणार.

"हिरडी हाय नुसती," तात्या म्हणाले. "मेंढीला वर फुडं दात नसत्यातच. ही चारदाती हाय, दोन वर्साची, खालनं कळतंय."

आता जे हसू आलं ते वेगळं होतं. आबांनी मेंढी सोडली, कवटी हातात घेतली, आणि गर्दीतून नेमकं मला शोधून काढलं.

"बाई, दात आनलाय?"

मी पुढं गेले. रुमालाची गाठ सोडली. दात त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाचेत बसवला. आवाजसुद्धा झाला नाही, तो आपल्या जागी गेला. मग कवटी त्यांनी सगळ्यांपुढं धरली, तात्यांच्या, बायकांच्या, प्राचार्यांच्या. प्राचार्यांनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. सरपंच म्हणाले की या विषयावर सवडीनं कमिटी नेमू. पण तोवर पुजाऱ्यानं भंडाऱ्याचं ताट आबांपुढं धरलं होतं, आणि आबांनी मूठ भरून देवावर उधळलीही होती.

त्यानंतर रीतीप्रमाणं ते ताट घेऊन गर्दीतून एकेकाला भंडारा लावत निघाले. सरपंचांना लावला, प्राचार्यांना लावला, कुणाशी खुन्नस नाही. माझ्यापाशी आले. मी मान खाली घालून म्हणाले, "आबा, चित्ताच आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कागद आला तेव्हाही माहीत होतं."

त्यांचं बोट माझ्या कपाळावर होतं, ते तिथंच थांबलं.

"मी समद्यास्नी सांगत फिरलो," ते म्हणाले, "बाईंचा काय दोष न्हाय. शिकता शिकता मेंढीचं त्वांड इसरल्या आसतील बिचाऱ्या."

त्यांनी भंडारा लावला आणि ताट घेऊन माझ्या शेजारच्या बाईकडं वळले.